कुत्र्यानं काय खाल्लं ते खरं सांगा

माणसांचे डॉक्टर एकत्र बसले की आजारांची नावं सांगतात. आम्ही जनावरांचे डॉक्टर बसलो की पेशंटच्या पोटातून काय काय निघालं ते सांगतो. भिवंडीत कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढल्यावर असे किस्से गोळा करावे लागत नाहीत, रोज सकाळी शटर उघडायच्या आधी ते पायरीवर येऊन बसलेले असतात.

कारण सोपं आहे. आमचा पेशंट बोलत नाही आणि त्याचा मालक खरं बोलत नाही. कुत्र्यानं काय खाल्लं हे वेळेत कळलं तर बहुतेक वेळा ते वाचतं. नाही कळलं तर मी सलाईन लावतो आणि देवाचं नाव घेतो. तेवढं एक वाक्य लोकांकडून काढून घेण्यात माझी आणि माझा कंपाउंडर बाळाराम याची निम्मी हयात गेली.

*

मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं त्या सुमाराची गोष्ट. गोडाउनसाठी जमीन देऊन नवा बंगला बांधलेले एक पाटीलशेठ होते. त्यांचा पॉमेरियन, नाव टायगर, वजन चार किलो. जावई दुबईहून कडू चॉकलेट घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी टायगर थरथरत दवाखान्यात आला. छाती धडधडत होती, उलट्या थांबत नव्हत्या.

मी विचारलं, चॉकलेट किती दिलं? शेठ म्हणाले, एकच तुकडा, नखाएवढा. नखाएवढ्या तुकड्यानं एवढं होत नाही. सोबत सुमो भरून घरची मंडळी आली होती. बाळारामनं एकेकाला बाजूला घेऊन विचारायला सुरुवात केली. शेठाणीबाईंनी एकच तुकडा दिला होता. थोरल्यानं एकच, धाकट्यानं एकच, दोन्ही सुनांनी एकमेकींच्या नकळत एकेक. घरी राहिलेल्यांना फोन लावले, त्यांचाही एकेक. घरात माणसं सतरा.

टायगर संध्याकाळपर्यंत सावरला. मी कागदावर मोठ्या अक्षरात 'चॉकलेट बंद' लिहून दिलं. शेठाणीबाईंनी हळूच विचारलं की अगदी एखादा तुकडापण नाही का. बाळाराम म्हणाला, "काकू, आधी वाटण्या करा, मग बघू."

*

आमचे जोशी सर, निवृत्त शिक्षक, घरात सगळं रीतसर. चातुर्मासात कांदालसूण घरात येत नाही. म्हणून आषाढातल्या कांदेनवमीला घरातला शिल्लक कांदा संपवायचा. भजी, थालीपीठ, कांद्याची भाजी, झुणका, सगळं एका दिवसात. तरी त्या वर्षी कांदा उरलाच. टाकायचा कसा, म्हणून सरांनी तो परतून भातात कालवून त्यांच्या कुत्र्याला, ब्राउनीला घातला. ब्राउनीनं भांडं चाटून पुसून ठेवलं.

चार दिवसांनी सर त्याला घेऊन आले. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी चहासारखी, उभं राहायची ताकद नाही. मी काय खाल्लं विचारलं तर सर दुखावले. म्हणाले, आमच्याकडे एकादशीपासून कांदासुद्धा नाही, बाहेरचं तर सोडाच.

"आणि एकादशीच्या आधी?"

सरांनी सगळं सांगितलं. मी समजावलं की कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात, आणि ते लगेच नाही, चार दिवसांनी दिसतं. ब्राउनी तीन आठवड्यांत उभा राहिला. शेवटच्या दिवशी मी सांगितलं की याला कांदा, लसूण आयुष्यात कधीच द्यायचं नाही.

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणजे बारमाही चातुर्मास," ते म्हणाले. "हा आमच्या आधी मोक्षाला जाणार."

*

दापोड्याच्या एका गोडाउनमध्ये पाळलेल्या कुत्रीनं उंदराचं औषध खाल्लं. तिथल्या वॉचमननं तिला रिक्षात घालून आणलं, पण पाकीट तिथंच राहिलं. उंदराच्या औषधांचे प्रकार वेगळे, त्यांच्यावरचे उपाय वेगळे. मी सुपरवायझरला फोन केला, नाव वाचून दाखवा म्हटलं. ते म्हणाले, नाव होतं तो भाग तिनं चावलाय, राहिलंय ते बारीक अक्षर वाचता येत नाही. मग पाकीट पाठवा, म्हटलं, लगेच.

पंधरा मिनिटांचा रस्ता. तास झाला तरी पाकीट येईना. मी परत फोन केला, तर ते म्हणाले निघालंय. माझा जीव टांगणीला. शेवटी मोटरसायकलवरून एकजण आला आणि त्यानं पाकिटाच्या आधी माझ्यापुढं गेटपास ठेवला. 'एक नग, वापरलेला, फाटका.' खाली तीन सह्या. साहेब जेवायला गेले होते, म्हणून तिसऱ्या सहीला वेळ लागला होता.

कुत्री वाचली, कारण मी वाट न बघता अंदाजानं इंजेक्शन सुरू केलं होतं आणि तो अंदाज बरोबर निघाला. पण तो माणूस काही हलेना. म्हणाला, "पांढरी कॉपी तुमची. गुलाबीवर सही द्या, आणि माल परत कधी करणार ते लिहा."

*

लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या बाळारामचा स्वतःचा किस्सा सांगितला नाही तर अन्याय होईल. अंबाडीकडच्या त्याच्या गावी चुलतभावाची हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे मटणकोंबडीचे टोप चढतात. शिजलेलं हाड कुत्र्याच्या पोटात सुईसारखं फुटतं हे बाळारामला पाठ. त्यानं सकाळपासून बादली घेऊन पंगतीत फिरून उष्टी हाडं गोळा केली. पाहुणे हसले, म्हातारे चिडले, त्यानं कुणाचं ऐकलं नाही. त्याच्या कुत्र्याला एकही हाड मिळालं नाही.

उपाशी कुत्रं घरात शिरलं आणि नवरदेवाच्या मोत्याच्या मुंडावळ्या खाऊन बाहेर आलं.

बाळाराम मागच्या दारानं त्याला घेऊन निघाला. मी इंजेक्शन देऊन कुत्र्याला ओकायला लावलं आणि मुंडावळ्या अख्ख्या बाहेर आल्या. मी त्या टाकायला सांगितल्या. बाळारामनं डेटॉलमध्ये तीनदा धुतल्या, पंख्याखाली वाळवल्या आणि घेऊन गेला.

लग्न छान झालं. जोडपं सुखात आहे. नवरदेव वाचत नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

*

कामतघरच्या यंत्रमागाच्या एका शेडमध्ये गणपतमामा लूम चालवायचे. तीस वर्षं तेच काम. शेडमध्ये एक गावठी कुत्रा होता, फोरमन. पाठीमागं हात बांधल्यासारखा लूमच्या रांगांतून चालायचा म्हणून ते नाव. मामांना इथं कुणी नव्हतं. दुपारी लोडशेडिंगला लूम थांबले की ते डबा उघडायचे, एका भाकरीचे दोन भाग करायचे, अर्धा फोरमनला. खाऊन झालं की फोरमन बाहेर जायचा. मामा कौतुकानं सांगायचे की त्याला दुपारची झोप लागते.

एका सकाळी शेडमालकाच्या फोनवरून मामा बोलले. दोन दिवस फोरमन जेवला नव्हता, ओकत होता, आणि आता त्याच्या तोंडातून धागा लोंबत होता.

मी फोनवर ओरडलोच. "ओढू नका!" धाग्याचं एक टोक जिभेखाली अडकलेलं असतं, दुसरं आतड्यात उतरलेलं. ओढला तर आतडं चिरत जातं. पण सांगत होतो कुणाला? लोंबता धागा दिसला की ज्याचा हात आपोआप तिकडं जातो, अशा माणसाला. खरं सांगतो, मी फोन ठेवला तेव्हा कुत्रा गेला असंच धरून चाललो होतो.

वीस मिनिटांत रिक्षा आली. मामा मागं बसलेले, फोरमन मांडीवर, आणि धाग्याचं टोक मामांच्या दोन बोटांत. मी हादरलो. मामा म्हणाले, "सोडला आसता तर गिळला आसता. वढला न्हाय." मी वाकून पाहिलं. धागा ताणलेला नव्हता, सैलही नव्हता. भिवंडीचे सगळे खड्डे पार करून मामांनी कुत्र्याच्या मानेबरोबर हात पुढं-मागं करत तो तसाच आणला होता. माझ्या हातून हे झालं नसतं.

ऑपरेशनला दोन तास लागले. आतडं तीन ठिकाणी उघडावं लागलं, पण कुठं चिरलेलं नव्हतं. मामा ड्युटी सोडून दाराबाहेर उभे होते. बाळारामनं चहा दिला तो तसाच गार झाला. दुपारी फोरमननं डोळे उघडले, शेपूट जरा हलवलं, आणि मामा खाली फरशीवर बसून रडले.

मग मी ट्रेमधला धागा त्यांना दाखवला. मामांनी तो बेसिनवर धुतला, दोन बोटांत फिरवला, पीळ उलगडला, खिडकीच्या उजेडात धरला. पुन्हा फिरवला. त्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टर, ह्यो आमच्या शेडचा न्हाय," ते म्हणाले. "आमच्यात कॉटन चालतो. ह्यो पॉलिस्टर हाय. समोरच्या शेडचा."

त्यांनी धागा ट्रेमध्ये ठेवला आणि गुंगीतल्या फोरमनकडे वळून विचारलं, "तिकडं कोन भाकर देतो रं तुला?"