उज्ज्वलाची न उकरलेली माती

उज्ज्वलाच्या नवऱ्याचा, प्रशांतभाऊंचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी ऑफिसमधून निघून पार्किंगमध्ये पोचले होते. "ग्रेसी, उज्ज्वला गेली..." एवढंच. पुढे नुसता पंख्याचा आवाज. गाडीचं दार उघडं टाकून मी तो मेसेज पुन्हा ऐकला. वाटलं, पंख्याच्या मागून ती काहीतरी बोलेल.

मी वसईची, कतारला दोह्यात एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये. ती लातूरकडची, औशाची. तिथल्या अल नस्र भागात आमचे फ्लॅट एकाच मजल्यावर होते. ती बांधकाम कंपनीच्या माती-परीक्षण लॅबमध्ये होती. रस्त्याखालची माती ठोकून ठोकून पुरेशी घट्ट बसली की नाही, हे तपासायचं तिचं काम. आणि घरी आली की नेमकं उलटं. वापरात नसलेल्या दुसऱ्या बाथरूममध्ये तिनं फळ्यांचा मोठा वाफा केला होता. तळाशी कडुनिंबाच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, माती, स्वयंपाकघरातला ओला कचरा. वर पांढरे दिवे, कोपऱ्यात छोटा पंखा. एकदा भरलेला वाफा ती पुन्हा कधीच उकरत नसे. पीक निघालं की देठ कापायचा, मूळ तसंच आत ठेवायचं. "आपण कशाला ढवळायचं गं? आत ज्याचं त्याचं काम चालू असतंय," म्हणायची. लाकूड सावकाश कुजतं, पाणी धरून ठेवतं, हे तिनंच मला सांगितलं. एका शुक्रवारी समैस्माच्या किनाऱ्यावर मी वाहून आलेला एक सुंदर ओंडका तिच्यासाठी उचलला, तर म्हणाली, "ठेव खाली. मीठ मुरलंय त्यात. सगळं मरून जाईल." त्या वाफ्यातली मेथी आणि अंबाडी आम्ही दोन्ही घरांनी खाल्ली.

मग प्रशांतभाऊ आजारी पडले. मज्जातंतूंचा आजार. आयटीतला धडधाकट माणूस आधी काठीवर आला, मग पलंगावर. पायांत असे गोळे यायचे की उशी तोंडात धरून ओरडायचे. डॉक्टरांची औषधं चालू होती, पण पुरी पडत नव्हती. उज्ज्वलानं कुठेतरी वाचलं, कुणाला तरी विचारलं. बी कुठून आणलं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. एक दिवस मी अंबाडी न्यायला गेले तर वाफ्यात हाताच्या पंजासारख्या पानांची झाडं उभी होती. मला ओळखू आलं. मी आधी मागचं दार लावून घेतलं.

"उज्ज्वला, हा गांजा आहे. कतारमध्ये आहेस तू. वेडी झालीस का?"

"ओरडतोय तो. भिंतीपलीकडून तुला ऐकू येत नाही का?"

"इंडियाला घेऊन जा त्यांना."

"आणि तिथं काय करू? नोकरी गेली की इन्शुरन्स खलास. मग त्याचं औषध कोण देणार?"

आम्ही खूप भांडलो. ती ऐकली नाही. त्यानं फरक पडला, असं दोघंही म्हणत. मला ते ठरवता यायचं नाही. पण काही आठवडे भिंतीपलीकडे शांतता होती, हे खरं.

घात ओलीनं केला. फळ्यांमधून पाणी झिरपलं, खालच्या फ्लॅटच्या छताला डाग पडला. तक्रार गेली, मेंटेनन्सचा माणूस प्लंबरला घेऊन आला, त्यानं बाथरूमचं दार उघडलं. संध्याकाळी पोलीस आले. मी दारातच होते. प्रशांतभाऊ आतून ओरडून हिंदीत सांगत होते की सगळं माझं आहे, मीच लावलंय. उज्ज्वला अधिकाऱ्यापुढे उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, ये तो बिना सहारे उठ भी नहीं सकता. सब मैंने किया है." आतला आवाज एकदम थांबला. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

तिला शिक्षा झाली. प्रशांतभाऊंचा भाऊ येऊन त्यांना औशाला घेऊन गेला. मी जमेल तेव्हा तुरुंगात भेटायला जायची. ती वाळली होती, केस कापले होते. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, "वाफ्याचं काय केलं?"

"फोडला. पोत्यांत भरून नेला."

"खालचं लाकूड पाहिलंस? कुजलं होतं का?"

मी पाहिलं होतं. काळं झालेलं, पांढऱ्या तंतूंनी वेढलेलं, उचलताना मजुराच्या हातातच त्याचा भुगा होत होता. तसं सांगितलं. त्या सगळ्या काळात ती तेवढी एकदाच हसली. "म्हणजे आता कुठं तयार झालं होतं गं..."

पुढे रमजानला काही कैद्यांना माफी देतात, त्यात तिचं नाव आलं आणि तिला थेट विमानात बसवलं. औशाहून फोनवर ती त्रोटक बोलायची. नातेवाईक घरी येत नाहीत, कुठे काम मिळत नाही, एवढं कळायचं. छातीत दुखत असणार, पण ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

परवा सुट्टीवर आले तेव्हा औशाला जाऊन आले. प्रशांतभाऊ खाटेवर होते. बराच वेळ आम्ही पावसाबद्दल, माझ्या मुलांबद्दल बोललो. मग त्यांनी चादर बाजूला करून मनगट दाखवलं. त्याला एक जुनी, फिकट निळी ओढणी बांधलेली. उज्ज्वला खाटेशेजारी खाली झोपायची आणि ओढणीचं दुसरं टोक स्वतःच्या हाताला बांधून घ्यायची. रात्री गोळे आले की त्यांनी ओरडायचं नाही, फक्त ओढायचं. ती लगेच उठून पाय चोळायला बसायची.

"त्या पहाटे मी ओढली," ते म्हणाले. "दोनदा ओढली. मग वाटलं, दमली असेल, झोपू दे. दुखणं सोसत तसाच पडून राहिलो... उजाडल्यावर वहिनी चहा घेऊन आली, तिनं पाहिलं."

ओढणीचं दुसरं टोक आता खाटेच्या पायाला बांधलंय. त्यांची वहिनी ते सोडायला गेली, तर त्यांनी सोडू दिलं नाही.