इतकाच कमी

गाणं संपलं की ते अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाण्याएवढी फट ठेवून माझ्या नाकासमोर धरायचे. "काऊन गुरुजी, बेस इतकाच कमी ना?" मीही मान डोलवायचो. त्या फटीनं पुढे काय गिळलं, तेच सांगायला बसलो आहे.

कोहमाऱ्याजवळच्या एका राईस मिलमध्ये ते फिटर होते, आमचे शेजारी. मी शाळामास्तर. नागपुरात कॉलेजात असताना जमवलेल्या रॉकच्या कॅसेटी एवढंच माझं व्यसन. माझ्याकडच्या एका जुन्या मासिकात त्यांना विजेवर हलणाऱ्या पडद्याचा स्पीकर सापडला आणि माणूस झपाटला. मिलमधल्या तांदूळ चाळायच्या दोन पत्र्याच्या चाळण्या, मध्ये ताणलेला पातळ प्लास्टिकचा पडदा आणि त्यावर घासलेली पेन्सिलीच्या शिशाची पूड. पेन्सिली अर्थात माझ्या शाळेच्या. बाजूच्या पेटीतून हजारो व्होल्ट जायचे.

दाराएवढं ते धूड पहिल्यांदा वाजलं, तेव्हा गिटार शेजारी बसून कोणी छेडतंय असं वाटलं. त्यांचं तोंड मात्र उतरलं. "जाडी गिटार कोठी गेली जी?"

जाडी गिटार म्हणजे बेस. अशा पडद्याची खोडच ती. बेससाठी तो जोरात हलायला हवा आणि फार हलला की चाळणीला टेकून ठिणगी पडते. त्यांनी पडदा मोठा केला, व्होल्ट चढवले. भाताच्या रोवणीच्या ओलसर दिवसांत चाळणी चटचट वाजायची. त्यांची बायको दारातूनच ओरडायची. ते चाळणीकडे बोट दाखवून म्हणायचे, "जित्ती आहे, म्हनून बोलते."

पावसाळ्यात त्यांचे कान वाहायचे. गोंदियाचा डॉक्टर म्हणाला, "दोनों कान के परदे गये." हे तिथंच हसले. "पडदा त मीच लावतो जी!" ही गंमत त्यांनी मला सांगितली, तेव्हा मीही हसलो.

पुढच्या पावसाळ्यात त्यांची बायको माझ्याकडे आली. "गुरुजी, हाका मारून मारून थकली मी, यायले ऐकू जात नाही. बेस नाही, कान कमी झाला. तुमीच सांगा. तुमचंच ऐकते."

मी सांगायलाच गेलो होतो. कॅसेट सुरू होती. बेस आता भरून येत होता, कशाचीच कमी नव्हती. चाळणीच्या कडेला निळी ठिणगी सरकत होती. मी गाणं बंद करायला सांगितलं. त्यांनी नेहमीची फट माझ्यासमोर धरली. "काऊन गुरुजी, इतकाच कमी ना?"

नाही म्हटलं असतं, तर दोष कानाचा ठरला असता. बिघडलेलं यंत्र आवाजावरून ओळखणारा तो माणूस. कान गेले तर मिलमध्ये उरतं काय? कान गेल्याचं त्यांना कळलं होतं, असं मला आजही वाटतं. मी भित्रा माणूस. माझी बोटं वर केली आणि म्हणालो, "हो, इतकाच."

त्यांचा चेहरा उजळला. "मंग अजून चढवतो."

तिसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर लिहीत असताना निरोप आला. त्यांचा हात चाळणीला लागला होता.

तेराव्याला त्यांच्या बायकोनं मला बाजूला बोलावलं. "गुरुजी, तुमी सांगतलं होतं ना त्यायले?"

"हो," मी म्हणालो.

"मंग बी नाही ऐकलं जी त्यायनं," ती म्हणाली, आणि त्यांच्यावरच रागावून रडली.