नारळ फोडावा, पण इंजिनावर नव्हे

अलिबागहून मुरुड तीस मैल. सकाळी सातला मोटारीने निघालेला माणूस जेवायला तिथे पोचतो, असं सांगतात. सांगणाऱ्यांनी माझी मोटार पाहिलेली नसते.

जायचं ठरलं ते बाळूमुळे. बाळू माझा धाकटा मेहुणा. आफ्रिकेत रेल्वेची कारकुनी मिळाली म्हणून निघाला होता. दुपारी दोनच्या आगबोटीने मुरुडहून मुंबई, तिथून मोंबासा, आणि पाच वर्षं परत येणं नाही. "एकदा डोळे भरून पाहू दे त्याला," माझी बायको कमल म्हणाली. आदल्या दिवशीच बैलगाडीने निघू, असंही म्हणाली. मी हसलो. मोटार जुनी असली तरी माझ्याकडे नवी होती आणि सासुरवाडीला मिरवायची होती.

चारच दिवसांपूर्वी दसऱ्याला मी तिची पूजा केली होती. बंपरवर नारळ फोडला तर पोचा येईल, म्हणून बॉनेट उघडून इंजिनाच्या लोखंडावरच फोडला. वर गुळाचा नैवेद्य. "अहो, खाली दगडावर फोडा," कमल म्हणाली होती. बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं मी म्हणालो होतो.

निघताना हँडल मारता मारता साडेनऊ झाले. एकदा तापल्यावर मात्र गाडी चौलच्या वाड्यांमधून झकास धावली. रेवदंड्याला खाडी. दोन होड्या एकत्र बांधून वर फळ्या टाकतात, त्यावर मोटार चढवायची. भाडं सव्वा रुपया, भीती फुकट. पलीकडे साळावला उतरलो आणि गाडी सुरू होईना.

"सायेब, गारी मेली का?" होडीच्या नाखव्याने विचारलं.

"मेली नाही, बेशुद्ध आहे."

भोंगा दणदणीत वाजला, म्हणजे बॅटरी शाबूत. पेट्रोल येत होतं. मग प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली आणि नाखव्याला हँडल मारायला लावलं. ठिणगी नाही. मी वायरी बदलल्या, एक प्लग वाळूत पाडला आणि गाडी विकणाऱ्या मुंबईच्या डॉक्टराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साडेबारा वाजले.

"अहो, या मुंग्या कुठे निघाल्यात?" कमलने विचारलं.

लाल मुंग्यांची रांग इंजिनावरून थेट डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीवर चढत होती. चारी प्लगांना वीज वाटली जाते ती तिथून. टोपीवर नारळाचं पाणी, गूळ आणि कुंकू यांचा चिकट थर बसला होता. हवा दमट झाली की तो ओलावायचा आणि वीज प्लगाकडे न जाता त्याच्यावरून इंजिनात पळायची.

"मुंग्यांना ठावं, तुमाला न्हाय," नाखवा म्हणाला.

पेट्रोलने गूळ हलेना. कमलने शेजारच्या हॉटेलातून कढत पाणी आणलं, टोपी धुतली आणि सासऱ्यांसमोर मिरवायच्या माझ्या जरीकाठी उपरण्याने खडखडीत पुसली. पहिल्याच हँडलला गाडी सुरू झाली. एक वाजून गेला होता आणि रस्ता खड्ड्यांचा.

मुरुडच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा उतारूंना आगबोटीवर पोचवणारी होडी, म्हणजे पडाव, अर्ध्या वाटेवर होता.  गाडीत बसूनच कमलने भोंगा दाबला आणि दाबूनच ठेवला. दूर पडावात कुणीतरी उभं राहून पांढरी टोपी हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाणाऱ्यांनी चौलात शहाळं जरूर प्यावं, बॉनेटपासून दहा पावलं लांब उभं राहून.

दोन महिन्यांनी बाळूचं पत्र आलं. कमलने ते मला वाचून दाखवलं: "ताई, भोंगा ऐकला. टोपी मीच हलवली. भाऊजींना सांग, गाडी झकास आहे." मला जरा हलकं वाटलं.

पुढे एकदा कपाटात ते पत्र सापडलं. बाळूने लिहिलं होतं की पडावात बसल्यापासून तो ओकत आडवा पडला होता, आणि ताई का आली नाही हे त्याला अजून कळलेलं नाही. भोंग्याचं त्यात काहीच नव्हतं. मी पत्र होतं तसं घडी घालून ठेवलं.