मॉर्मनांचा पिक्चर आणि सरांचा आवाज

एकच पिक्चर गावोगाव दाखवत फिरलात ना, की पिक्चरची गोष्ट हळूहळू मागं पडते आणि बघणाऱ्यांच्याच गोष्टी साठत जातात. माझ्याकडे इतक्या साठल्यात की चहाला बसलं की मित्र म्हणतात, "तो मॉर्मनवाला सांग रे!" आता कुठला मॉर्मनवाला, हे मलाच उलट विचारावं लागतं.

आधी मंडळी कोण ते सांगतो. शहागंजात माझा फोटो स्टुडिओ आहे. प्रोजेक्टर माझा, पडदा माझा, डोकं मात्र सय्यद सरांचं. सरांनी मला शाळेत इतिहास शिकवला. ते रिटायर झाले, पण शिकवायची खाज काही गेली नाही. म्हणून आम्ही दोघांनी फिल्म क्लब काढला. परदेशी पिक्चर रीतसर परवानगी घेऊन आणायचा, त्याचा आवाज बारीक करायचा आणि सरांनी पडद्याशेजारी माइक घेऊन आख्खा पिक्चर मराठीत बोलून दाखवायचा. नवरा तेच, बायको तेच, वेळ पडली तर घोडाही तेच!

हा पिक्चर होता अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मॉर्मन लोकांचा. एका तरुणाला देवदूत भेटतो, टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवतो आणि त्यातून नवा पंथ निघतो. मग जी ती वस्ती त्यांना हाकलत सुटते. तो तरुण तुरुंगात मारला जातो. उरलेली माणसं बायकापोरांसह गाड्या ओढत, बर्फ तुडवत, पार पश्चिमेच्या खाऱ्या तळ्यापर्यंत जातात.

पिक्चर ठरला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सरांना सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे. ऑपरेशन करावं लागेल, नंतर आवाज राहील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. तोवर बोलणं बंद.

सर म्हणाले, "ऑपरेशन करू. पण आधी शहागंज, बिडकीन, कन्नड आणि घाटाजवळची वस्ती. चारही ठिकाणी मीच बोलणार."

"सर, पिक्चर काय पळून चाललाय का?"

"पिक्चर नाही रे दिलीप, आवाज पळून चाललाय!"

मला भयंकर राग आला होता त्यांचा. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

*

पहिला शो शहागंजात, एका मंगल कार्यालयात. पुढच्याच रांगेत आमचे शेजारी हमीदभाई, धंद्याने सराफ. पडद्यावर टेकडी उकरली जाते, सर आवाज चढवून सांगतात, "आणि तिथं होते सोन्याचे पत्रे!"

हमीदभाई ताडकन उभे. "सर, कित्ते तोले के?"

सरांनी खूण केली, मी पिक्चर थांबवला. "हमीदभाई, ये तोले का मामला नहीं, ईमान का है. बैठो."

बसले बिचारे. पण त्यांचा जीव त्या पत्र्यांतच अडकलेला. पुढे पत्र्यांवर कोरलेला मजकूर उतरवून झाल्यावर तो तरुण ते देवदूताला परत करतो. हमीदभाई पुन्हा उभे! या वेळी तोंड आख्ख्या हॉलकडे.

"वापस कर दिया! और घट-तूट भी नहीं काटी!"

मॉर्मन पंथाला सराफ्यातून मिळालेली ही बहुधा पहिलीच दाद असावी.

*

बिडकीनला बचत गटाच्या बायका जमल्या होत्या. आता मॉर्मन लोकांत त्या काळी एकाला अनेक बायका करायची रीत होती आणि पिक्चरवाल्यांनी ती काही लपवलेली नाही. पण आमचे सर पडले लाजरे. समोर सगळा महिलावर्ग बघून "दुसरी बायको" हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघेनात.

"ही... घरी आलेली पाहुणी," सर म्हणाले.

थोड्या वेळानं आणखी एक आली. "ही पण पाहुणी." मग आणखी एक. मी प्रोजेक्टरमागं डोक्याला हात लावून बसलो.

मधल्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "सर, ह्या पाहुण्या जाणार कधी? सैपाकाला हातबी लावंनात!"

"त्या... राहायलाच आल्यात."

"मंग सवती म्हना की सरळ! आमी काय भितो व्हय?" हॉलमध्ये हशा. सरांनी रुमालानं घाम पुसला. मावशी सोडायला तयार नाहीत. "पयलीला इचारलं व्हतं का?"

सर खोटं बोलू शकत नाहीत, हा त्यांचा मूळ रोग. म्हणाले, "नाही. पण त्या माणसाचं म्हणणं असं, की देवदूताचाच तसा हुकूम होता."

"मंग यकदा तिच्याकडंबी यायचं की त्या देवदूतानं!"

परतताना टेम्पोत सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो ठसका काही लवकर थांबेना आणि मग आम्ही दोघंही हसायचे थांबलो.

*

कन्नडला शो सुरू व्हायच्या आधीच एक भाऊ तीन पोरं घेऊन दारात उभे. भाऊ म्हणजे गावातलं उगवतं नेतृत्व. पांढराशुभ्र शर्ट, डोक्यावर गॉगल.

"हे धर्म बदलायचं काम चाललंय. शो होनार नाय."

सरांचा आवाज तेव्हा निम्मा गेलेला. त्या निम्म्या आवाजात ते म्हणाले, "समोर बसा. जिथं आक्षेप वाटेल तिथं हात वर करा, मी थांबतो. पण बघायच्या आधी थांबणार नाही."

बाहेर गर्दी जमली होती, माघार घेणं बरं दिसेना, म्हणून भाऊ बसले. हाताची घडी, भुवया वर. पंथ निघाला, हात नाही. पाहुण्या आल्या (म्हणजे बायका, सर आता सुधारले होते), तरी हात नाही. मग रात्रीच्या वेळी गावकरी येतात आणि त्या लोकांची घरं पेटवून देतात. भाऊंचा हात वर!

"थांबवा! आक्षेप हाय माझा!" भाऊ खरोखरच तापले होते. "आपल्या घरात बसून देवाचं नाव घेत व्हती ती मानसं. ह्यांच्या बापाचं काय गेलं? चार टगे गोळा करायचे अन् यायचं दुसऱ्याच्या दारात!"

शेजारचं पोरगं हळूच म्हणालं, "भाऊ, आपुनबी चौघंच आलोय."

भाऊंनी हात खाली घेतला. पण गेले नाहीत, शेवटपर्यंत बसले आणि निघताना पडदा गुंडाळायलाही लागले.

*

त्याच शोमधली गोष्ट. जमाव तुरुंगाच्या जिन्यावर चढला, बंदुका रोखल्या आणि लाइट गेली! एकही माणूस जागचा हलला नाही. मी म्हटलं, "सर, थांबू." सरांनी मेलेला माइक बाजूला ठेवला आणि अंधारात मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. दाराला लावलेले खांदे, लाकडातून आत आलेली गोळी, खिडकीकडे धावलेला तो तरुण. मी बाही ओढत होतो आणि ते माझा हात झटकत होते.

लाइट आली, तोच प्रसंग पडद्यावर झाला आणि चुटकीसरशी संपला. मागून एक शेतकरी ओरडला, "सर, ह्यात लई लवकर मरतो! तुमचाच चांगला व्हता. घालवा पुन्ना लाइट!"

दुसऱ्या दिवशी सरांच्या गळ्यातून नुसती हवा येत होती. भाभींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला फोनवर झाड झाड झाडलं. "तुम उनके स्टुडंट हो की दुश्मन?"

*

शेवटचा शो घाटाजवळच्या धनगरवस्तीवर. ऑपरेशन परवावर आलेलं. मी जायला नाही म्हणालो, तर सर एकटेच रिक्षा करून स्टुडिओच्या दारात हजर. हातात भाभींनी दिलेला गरम पाण्याचा थर्मास. मी प्रोजेक्टर टेम्पोत चढवला.

शाळेच्या भिंतीवर पडदा लावला. मेंढरं कोंडून माणसं सतरंजीवर येऊन बसली. सर नेहमीसारखे पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. संवाद त्यांनी कागदावरूनच पाठ केले होते आणि मागच्या बारीक आवाजावरून ते वेळ साधायचे. तुरुंगापर्यंत त्यांनी कसंबसं ओढत आणलं. लोक गाड्यांना जुंपून घेऊन चालायला लागले, सरांनी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. पाणी प्यायले, तरी नाही.

मी धावत जाऊन माइक घेतला आणि आठवेल तसं बडबडायला लागलो. पुढं बसलेल्या सरूआजींनी हात हलवला. "ऱ्हाऊ दे बाबा. दिसतंय आमाला."

मी माइक सरांच्या हातात परत दिला. मग सतरंजीवरूनच एकेक आवाज यायला लागले.

"चाक गेलं त्याचं."

"पोरीला वर घ्या की, पाय भिजलं तिचं."

"म्हातारा ऱ्हातो आता मागं. बघ, ऱ्हायलाच."

पडद्यावर एक बाई बर्फात लहानसा खड्डा करून बाळाला पुरते. मग सरूआजी त्या बाईलाच सांगावं तसं म्हणाल्या, "वर धोंडं ठेव माय. कोल्हं उकरतंय."

पडद्यावरची बाई उठली आणि दगड गोळा करायला लागली.

माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं धूसर झालं. सर खाली मान घालून उभे होते. सरूआजींनी सरकून जागा केली आणि सतरंजीवर थाप मारली. सर माइक ठेवून तिथं जाऊन बसले, पडद्याकडे तोंड करून. इतके शो झाले, पण पिक्चर समोरून बघायची त्यांची ती पहिलीच वेळ. शेवटी लोक टेकडीवर पोचले, खाली ते खारं तळं दिसलं आणि पडदा पांढरा झाला. सर हलले नाहीत.

माणसं उठली, पोरं उचलली, पांगायला लागली. सरूआजी मात्र काठी टेकून सरांपुढंच थांबल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमाला कसा वाटला पिच्चर?"