सड्याचं गाळलेलं गाणं

आमच्या शेजारच्या गाणाऱ्या काकूंवर अन्याय झाला तो याच दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, भर सभागृहात. घर, माड, खाडी यांवरच्या गाण्यांची त्यांची पहिली कॅसेट तिथे प्रकाशित झाली आणि त्यातलं घरामागच्या कातळसड्याचं, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराचं, गाणं गुपचूप गाळलेलं होतं. कॅसेटचा खर्च करणारा सड्यावरच्या चिरेखाणीचा मालक. ते गाणं काकू रेकॉर्डिंगला हट्टाने स्वतःच्या पडवीत गायल्या, म्हणून त्या गाण्यामागे त्याच्याच यंत्राची घरघर होती.

काकू बोलता बोलता थांबतात, सड्याकडे कान देतात आणि म्हणतात, “आज मेलं पंचमात ओरडतंय.” स्वतःची पट्टी मात्र कुणासाठी उतरवत नाहीत.

कॅसेट निघण्याआधी मालक त्यांच्याकडे आला तेव्हा मी तिथेच होतो. “काकू, तेवढं एक गाणं स्टुडिओत पुन्हा गा ना. मागे आवाज येतो.”

“मागे पक्ष्यांचा आवाज चालतो, मग तुझ्या यंत्राचा का नको रे?”

“बरं नाही वाटत हो ऐकायला.”

“मग खाण बंद कर. लगेच गाते.”

त्याने खाण चालू ठेवली आणि गाणं बंद केलं. वर सभागृहात टाळ्या घेतल्या!

सोमवारी ग्रामसभेत खाणीची मुदत वाढवायचा विषय आहे. काकूंचं कौतुक घरी बसून करू नका. ग्रामसभेला या आणि विरोधात हात वर करा.