पाय वर घ्या

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला महिनाभराची विश्रांती सांगितली आहे. त्यामुळे सकाळी मी दिवाणावर बसून बातम्या पाहतो. आज पडद्यावर दूरदेशीच्या युद्धात उद्ध्वस्त झालेले एक घर होते. समोरची भिंत कोसळली होती आणि उरलेल्या खोलीत एक प्रौढ स्त्री शांतपणे केर काढत होती. जिथे दारच राहिले नव्हते, तिथला उंबरठाही ती झाडत होती. माझे डोळे भरून आले.

माझी पत्नीही हातात केरसुणी घेऊन क्षणभर थबकली. “अगं, आधी पाणी शिंपड,” ती पडद्यावरच्या त्या बाईला म्हणाली, “नाहीतर सगळी धूळ नाकात जाईल.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पाय वर घ्या.”

मी पाय वर घेतले. लग्न झाल्यापासून मी असेच पाय वर घेत आलो आहे आणि तेवढ्यालाच मदत समजत आलो आहे. दिवाणाखाली वाकताना तिने गुडघा दाबून धरला. त्यावरचा पट्टा कधीपासून आहे, ते मला आठवेना. दूरच्या दुःखाने डोळे चटकन भरतात. ते आपल्याकडे काही मागत नाही.

“दे ती केरसुणी,” मी पाय खाली सोडत म्हणालो. “तू बस जरा.”

“नेमकी टाके घातल्यावर बरी हौस सुचली,” ती हसली. “वाकायचं नाही सांगितलंय तुम्हाला. घ्या पाय वर.”

मी पुन्हा पाय वर घेतले. केरसुणी दिवाणाखालून बाहेर येईपर्यंत खाली पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.