गोगलगायीची जांभळी किनार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि नवऱ्याला मी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा शब्दन् शब्द ऐकवते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मध्येच तोंडाकडे बघणार नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका गोगलगायीची आहे. हसू नका. म्हणजे — हसा, मीही हसलेच होते. तिथंच तर सगळं बिघडलं.

नव्वदच्या दशकात मी पुलगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. विभागप्रमुख होते थूल सर. मी त्यांचीच विद्यार्थिनी. आमच्या जिल्ह्यात समुद्र म्हणाल तर तो फक्त समुद्रपूर तालुक्याच्या नावात. आणि सरांना जन्मभर वेड कशाचं? समुद्री गोगलगायींचं! बिनशंखाच्या, रंगीबेरंगी, बोटाच्या पेराएवढ्या. पुस्तकं बघून बघून सगळ्या पाठ. वर्षातून एकदा बीएस्सीची सहल कोकणात जायची, तेव्हा सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओहोटीच्या खडकांवर फिरायचे — लग्नात चप्पल हरवलेल्या माणसासारखे, मान खाली घालून.

एका सहलीत त्यांना ती सापडली. मी तेव्हा कुठं होते? एसटीपाशी, मासे खाऊन पोट बिघडलेल्या पोरींना लिंबू चोखायला देत. मी पोचले तोवर सरांनी तिला फॉर्मेलिनच्या बाटलीत घातलं होतं. ती जिवंत असताना पाहिली ती एकट्या सरांनी.

"पांढरी फटक आन् कडेनं जांभळी किनार! अशी कुठंच नाई पाह्यली वो," सर सांगत होते. "पेन्सिलनं चिठ्ठी लिव आन् टाक आत."

नमुन्याची चिठ्ठी पेन्सिलनंच लिहायची, शाई विरघळते — हे सरांनी आमच्या प्रत्येक बॅचच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. पण माझी पेन्सिल सापडेना. पर्समध्ये पेन होतं. जांभळ्या शाईचं — तेव्हा मला त्या शाईचा भारी शौक. म्हटलं, एका चिठ्ठीनं काय होतंय?

पुढं कितीतरी महिने सर प्रयोगशाळेत मुक्कामालाच होते म्हणा ना. तिच्या तोंडातली दातांची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून दात मोजले. कुठून कुठून जुन्या वर्णनांच्या झेरॉक्स मागवल्या. जवळजवळ सगळं एका माहितीतल्या जातीशी जुळत होतं — फक्त त्या जातीला किनार नव्हती. म्हणजे आपली जात नवी ठरणार, ती किनारीवर. नावही ठरलं, आमच्या जिल्ह्यावरून — वर्धेन्सिस. अशी नावं प्राणी सापडतो त्या जागेवरून देतात ना, असं मी चाचरत विचारलं, तर सर म्हणाले, "समुद्राचं नाव समुद्राले कायले पायजे? आपल्या गावाले दे ना." निवृत्तीआधी हा एक लेख छापून यावा, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काहीही नको होतं.

आणि एक दिवस मी बाटली उजेडात धरली. आतली चिठ्ठी कोरी. गोगलगाय पांढरी, कडेनं जांभळी.

शाई माझ्याच पेनातली; आणि सरांनी किनार आधीच पाहिली होती म्हणावं, तर त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू. तुम्ही काय केलं असतं? सरांकडे जाऊन सांगितलं असतं ना? मी स्टाफरूममध्ये गेले. तिथं सगळे चहा पीत बसलेले, आणि मला लोकांना हसवायची खोड. सर बाटली कशी नाकाशी धरतात, मोतीबिंदूचा डोळा कसा मिचकावतात — सगळं करून दाखवलं. वर म्हटलं, सरांनी चिठ्ठी लिहिली शाईनं, शाई उतरली गोगलगायीवर, आणि जन्माला आली वर्धेन्सिस! 'सरांनी' म्हटलं. 'मी' नाही म्हटलं. मस्टरवर माझी सही रोज जांभळ्या शाईत असायची, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर — पण कुणाला काही सुचलं नाही, सगळे हसण्यात दंग. मग हसणं एकदम थांबलं. मी वळून पाहिलं. दारात सर उभे.

रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "असन. घाईत माह्याच हातून झालं असन." चिठ्ठी मला लिहायला सांगितली होती हे ते विसरलेच होते, त्यांना खरंच तसं वाटलं! मला तेव्हा तोंड होतं ना? उघडलं नाही. दुसरा नमुना नव्हता, आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा भरवसा मी त्या दुपारी घालवला होता. लेख कपाटात गेला. पुढं सर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले.

दोन हजार साल उलटून गेल्यावर पुन्हा तीच सहल, तोच किनारा. मी खडकावर उभी राहून पोरींवर ओरडत होते. सहज खाली बघितलं, तर डबक्यात ती. जिवंत. पांढरीशुभ्र, आणि कडेनं ठसठशीत जांभळी किनार. शाईचा काही संबंधच नव्हता. सरांनी जे पाहिलं ते पाहिलंच होतं, मोतीबिंदूच्या डोळ्यानं.

"मॅडम, घेऊ काय इले बाटलीत?" एका पोरीनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणाले. "साधीच आहे."

का? बाटली आली की सर आले, सर आले की ती चिठ्ठी आली. म्हणून.

तरी परत आल्यावर बोरगाव मेघेला सरांच्या घरी गेलेच. सगळं सांगायचं ठरवून गेले होते — खरंच. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, चेहरा उजळला होता. त्यांनीच विषय काढला. "कोकणात गेल्ती म्हणे. ते किनारवाली दिसली काय वो तुले?"

'हो' म्हणायचं होतं. एवढंच.

"नाही, सर."

सर मनापासून हसले. "कशी दिसन? शाईच होती ते. तू टायमावर बोल्ली म्हून बरं झालं बाई. नाई त साऱ्या जगात हसं झालं असतं माहं." आणि आत हाक मारून माझ्या चहात साखर जास्त टाकायला सांगितली.

मी तो चहा प्याले. आणि म्हणाले, "त्यात काय सर, माझं कर्तव्यच होतं."